बाहेर पडलेली कावीळ

माझा धंदा मोटारी भरण्याचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देण्याचा. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळाली की शेतकरी ती दौंडला माझ्या दुकानात आणतात आणि खाली ठेवायच्या आत विचारतात, "कवा मिळंल?" मी आधी मोटार उघडतो. काळी पडलेली तांब्याची तार बोटानं उचकटून समोर धरतो, तेव्हा कुठं माणूस शांत होतो. डोळ्यांना दिसलं की पटतं, हा इतक्या वर्षांचा माझा अनुभव. भाचीच्या बाबतीत मला उघडून दाखवता येईल असं काही नव्हतंच. सगळा घोळ तिथं झाला.

ती माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. ताईचं सासर निमोण्याला. दहावीनंतर भाची अकरावी सायन्सला दौंडला आमच्याकडे राहायला आली आणि घराचा ताबाच घेतला तिनं. दुकानात आली की वार्निशच्या वासानं नाक दाबायची. "मामा, तुम्ही अंघोळ करता की नुसते वाळत बसता?" असं गिऱ्हाइकांसमोर विचारायची. माझ्या बायकोला ती मामी कमी आणि मैत्रीण जास्त समजायची. दोघी मिळून माझी टिंगल करायच्या आणि मला ते आवडायचं, आता सांगायला काय हरकत आहे.

एकदा कॉलेजातून ती पोट धरूनच घरी आली. अपेंडिक्स निघालं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, तसं तपासलं, आणि तिथल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "हिला हिपॅटायटिस बी आहे." मी म्हणालो, म्हणजे काय? तो म्हणाला, "कावीळ बी." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पोरीचे डोळे पांढरेशुभ्र, नखं गुलाबी, सकाळी चार चपात्या खाऊन गेलेली. कावीळ असलेलं माणूस मी पाहिलं होतं, ते असं नसतं. आमच्याकडे ह्या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात हे मला नंतर कळलं.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर आम्ही पुण्याला लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई सावकाश बोलायच्या आणि एकच गोष्ट तीनदा विचारली तरी चिडायच्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं : हा विषाणू लहानपणी शरीरात शिरला की सहसा बाहेर जात नाही. यकृतात घर करून राहतो. कित्येक मुलांना वर्षानुवर्षं काही होत नाही, नुसतं तपासत राहायचं. हिच्या यकृताला मात्र सूज यायला लागलीय, म्हणून गोळी सुरू करायची. रोज एक. चुकवायची नाही आणि आपल्या मनानं बंद तर मुळीच करायची नाही, कारण अचानक बंद केली की दबलेला विषाणू उसळतो. एका ताटात जेवल्यानं, जवळ बसल्यानं हा पसरत नाही. मग त्यांनी ताईचंही रक्त तपासायला सांगितलं.

ताईलाही होता, तिला सध्या गोळी लागत नव्हती एवढंच. आईकडून बाळंतपणात मुलीला गेला असणार, बाई म्हणाल्या. भाची जन्मली ती आमच्या घरी, पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून. जन्मल्याबरोबर लस टोचली असती तर बहुतेक वाचली असती. पण लस टोचायला आधी आईला काय आहे हे माहीत हवं ना! ताईनं तिथंच हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कपाळ बडवून घेतलं. "माझ्या पोटातनं दिलं मी तिला, माझ्या पोटातनं," एवढंच म्हणत होती. मी तिचे हात धरले. बाईंनी मला विचारलं, "तुमच्या आईला काय झालं होतं?"

आमची आई मी शाळेत असताना गेली. तिचं पोट फुगलं होतं, पाय सुजले होते. वस्तीवर सगळे म्हणाले, करणी केली कुणीतरी. वडिलांनी तिला देवऋषाकडे नेलं, लिंबं उतरवली, शेजारच्या भावकीशी बोलणं सोडलं. ती भावकी आजही आमच्याकडे लग्नाला येत नाही. हे सगळं मी बाईंना सांगितलं आणि विचारलं, तिलाही हाच आजार होता का? त्या म्हणाल्या, "असू शकतं." दोनच शब्द. आईचं मरण, भावकीचं वैर, ताईचं आयुष्य आणि पोरीची सतरा वर्षं त्या दोन शब्दांत गेली. माझंही रक्त तपासलं. मला काही नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की ताईकडे बघवेना.

राग कुणावर काढायचा तेच समजत नव्हतं. मी तसा भडकू माणूस आहे. गिऱ्हाइकानं चुकीचं कनेक्शन देऊन मोटार जाळली तर त्याला दहा जणांत झापतो. इथं झापायला कुणी सापडेना.

दाजींची गोष्ट वेगळी. दाजी वाईट माणूस नाही. कांदा पिकवावा तर त्यांनीच. बोलतात कमी, आणि बोलले की शब्द खाली पडू देत नाहीत. मी निमोण्याला जाऊन त्यांना सगळं समजावलं. ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवसांचा कोर्स?"

"कोर्स नसतो दाजी. बरीच वर्षं घ्यायची. कदाचित कायमचीच."

"आन् मग रोग जातो?"

"जात नाही. दबून राहतो."

दाजी म्हणाले, "जे खाऊन रोग जात न्हाई, त्याला औषध कसं म्हनायचं?"

ह्याला उत्तर होतं माझ्याकडे. पण त्या ओसरीवर ते उभं राहत नव्हतं. शेजारी दाजींचे थोरले भाऊ, आप्पा, सुपारी कातरत बसले होते. आप्पांना तरुणपणी कावीळ झालेली, चांगली पिवळीधमक. नदीपलीकडच्या एका वस्तीवर एक आबा काविळीची माळ घालतात, ती माळ घालून आप्पा बरे झाले, ते आजतागायत धडधाकट. म्हणजे पुरावा समोरच बसला होता आणि सुपारी खात होता. ती कावीळ निराळी, ती आपोआपही बरी होते, असं मी म्हणालो. आप्पा हसले. "आपोआप बरी हुती, मंग लोक मरत्यात कशानं?"

आणि मी कोण? बायकोचा भाऊ. बहिणीच्या घरी भावानं चहा घ्यावा, खुशाली विचारावी आणि उजेडात परत निघावं. दाजी मला अहो-जाहो करतात, पंगतीत पहिलं पान वाढतात, आणि माझं एक अक्षर ऐकत नाहीत. मान देणं आणि ऐकणं ह्या आमच्याकडे दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तरी गोळ्या सुरू होत्या, कारण पोरगी दौंडला होती. सकाळी चहाआधी माझी बायको गोळी पुढं ठेवायची आणि ती तोंड वाकडं करून गिळायची. रक्ताचे रिपोर्ट सुधारत होते. मग मे महिन्याची सुट्टी लागली आणि ती घरी गेली. सुट्टीत मुलीनं आईबापाकडे जाऊ नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? गोळ्यांचा डबा मी स्वतः तिच्या बॅगेत ठेवला. ती म्हणाली, "मामा, मोबाइलला गजर लावलाय. तुम्ही तुमच्या अंघोळीचं बघा."

काही दिवसांनी तिनं फोटो पाठवला. डोक्यावर बारीक काड्यांची माळ. खाली लिहिलं होतं, "मुंडावळ्या बांधल्या, आता नवरा बघा." मी फोन केला. ती हसत होती. म्हणाली, आप्पा घेऊन गेले होते आबांकडे, घालू दे माळ, माझं काय जातंय. गोळी चालू आहे ना? "हो हो मामा." ताईला विचारलं तर ताई म्हणाली, "व्हय, चालू हाय." तिनं पोरीवर विश्वास ठेवला आणि मी दोघींवर.

ती माळ कशी असते ते सांगतो. कसल्याशा वेलीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठीत बसवतात. आधी ती डोक्यावर टोपीएवढी बसते. काड्या वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबत जाते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, मग पोटावर. माळ जसजशी उतरते तसतशी कावीळ उतरते, असं मानतात. आबा पैसे घेत नाहीत. बोर्ड नाही, जाहिरात नाही. फक्त पथ्य असतं : तेल नाही, हळद नाही, आणि इंग्रजी गोळी नाही. "गोळी आन् माळ एका अंगात चालत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं, "दोनी भांडत्यात." भाचीनं त्याच दिवशी गोळी बंद केली होती.

का केली, हे तिनं मला नंतर सांगितलं. घरी तिचं ताट वेगळं होतं. दाजींनी केलं नव्हतं, ताईनंही नाही, ते कसं झालं कुणालाच सांगता येत नव्हतं, पण झालं होतं. ताट, तांब्या, पेला, तिन्हींवर खिळ्यानं खूण. डॉक्टरीणबाईंनी तसं काही लागत नाही म्हणून सांगितलेलं तिला पाठ होतं, पण घरात कुणाला सांगणार? आबा म्हणाले होते, माळ पोटापर्यंत उतरली की एका ताटात जेवायला हरकत नाही. गोळी काही तिला असं म्हणत नव्हती. सतरा वर्षांच्या पोरीनं ह्या दोन्हींत काय निवडावं? मी तिच्या जागी असतो तर मीही माळच निवडली असती.

कॉलेज सुरू व्हायच्या सुमारास ताईचा फोन आला. आवाजात इतका आनंद मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "भाईर पडली रे! आबांनी सांगितलं व्हतं तसंच. आतली पांढरी पिवळी हून भाईर पडली. डोळं बघ तिचं, निस्ते हळदीवानी! आता उतरंल. ह्यांनी देवाला नारळ फोडला."

माझ्या हातात कुणाची तरी मोटार होती, ती तशीच ठेवली. ओळखीच्या माणसाची जीप घेतली आणि केडगाव चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत ट्रॅक्टरला, म्हशींना, सगळ्यांना शिव्या घातल्या.

ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. माळ गळ्याखाली आली होती. मला बघून हसली. "मामा, झाले की नाही पिवळी?" ते हसू आणि ते डोळे एकाच चेहऱ्यावर होते. मग तिनं तोंड वळवलं आणि कोरड्या ओकाऱ्या काढायला लागली. किती दिवस चाललंय हे, मी विचारलं. ताई म्हणाली, जेवण जात नाही चार दिवसांपासून, पण ते पथ्यामुळं असेल. मी गोळ्यांचा डबा मागितला. डबा बॅगेतच होता, सुरुवातीच्या थोड्या गोळ्या सोडल्या तर भरलेला.

मी ओरडलो. काय काय बोललो आठवत नाही. आप्पा शांतपणे म्हणाले, "आतलं हाय ते भाईर आलंय. मधीच मोडू नगा. अर्धी उतरल्याली कावीळ लई वंगाळ." दाजी म्हणाले, "आवाज खाली करा. पोरगी माझी हाय."

त्यांची होतीच. मला ते माहीत होतं. तिला उचलून जीपमध्ये घालायची माझी ताकद होती, हक्क नव्हता. मी हात जोडले. आयुष्यात मी दाजींच्या पाया पडलो तो ताईच्या लग्नात आणि त्या दिवशी. दाजींनी पाय मागं घेतले. मग मी पोरीला विचारलं, तुला काय वाटतं गं? तर तिनं उत्तर दिलं ते भलतंच, कॉलेजच्या बसबद्दल काहीतरी, आणि ग्लानीत मान खाली टाकली. तेव्हा ताई आत गेली, पायात चपला घालून बाहेर आली, आणि कुणालाही न विचारता जीपमध्ये जाऊन बसली. "आन तिला," मला म्हणाली. त्या घरात ताई कुणाला न विचारता कुठं गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. दाजींनी अडवलं नाही.

पुण्याच्या हॉस्पिटलातलं काय सांगू. काचेच्या आत ती, बाहेर आम्ही. मानेत सुई घालायची म्हणून नर्सनं माळ कापली आणि ताईच्या हातात दिली. ताईनं ती पिशवीत ठेवली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, गोळी पुन्हा सुरू केलीय, आता यकृत सावरतं की नाही ते बघायचं. नाही सावरलं तर बदलावं लागेल. आम्ही काय करायचं? "वाट बघा." मी विचारलं, रक्त देऊ का, यकृताचा तुकडा देऊ का, सांगा काय करू. त्या म्हणाल्या, "आत्ता बसा." मी बसलो. माझे हात रिकामे असले की मला भीती वाटते, आणि तिथं हातांना काही काम नव्हतं. दाजी दुसऱ्या दिवशी आले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, काचेकडे बघत राहिले, आणि मला दिसलं की माझ्याइतकंच त्यांनाही काही करता येत नव्हतं. त्या एका वेळी मी त्यांच्यावर रागावलो नाही.

ती सावरली. हळूहळू, एकेक रिपोर्ट करत. आधी शुद्धीवर आली, मग जेवण मागितलं, मग माझ्या शर्टाचा वास येतो म्हणाली. मी बाहेर जाऊन जिन्यात रडलो. डोळ्यांचा पिवळेपणा उतरत गेला आणि तिचे डोळे पुन्हा पांढरे झाले, आणि मला वाटलं, आता तरी पटेल.

हॉस्पिटलातून सुटल्यावर दाजींनी तिला निमोण्याला नेलं, आणि तिथं मात्र त्याचा अर्थ वेगळाच लागला होता. आप्पांनी गावभर सांगितलं : बाहेर पडली, पिवळी झाली, उतरली. आबांनी जसं सांगितलं तसंच अक्षरशः घडलं. मध्ये हॉस्पिटल आलं, ते आमच्या उतावीळपणामुळं. एकेक गोष्ट त्यांच्या हिशेबात बरोबर बसत होती. मी मोटार उघडावी आणि जळालेल्या तारेकडे बोट दाखवून गिऱ्हाइकानं म्हणावं, हीच तर चांगली तार, तसं झालं.

भाचीला दौंडला न्यायचं आणि गोळ्या चालू ठेवायच्या, एवढंच मला हवं होतं. दाजी म्हणाले, "न्या. गोळ्या खाऊ द्या, मी आडवा येनार न्हाई. पन आधी गुन आल्याचा नारळ द्याचा. ज्याला गुन आला त्यानं सवता माळ परत द्याची असती. ते झाल्याबिगर पोरगी गावाभाईर जानार न्हाई." मी भाचीकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ या ना मामा. एक नारळ तर द्यायचाय."

नदीपलीकडे आम्ही चौघं गेलो, दाजी, ताई, ती आणि मी. मला जायचं नव्हतं, पण तिला तिथून थेट दौंडला न्यायचं ठरलं होतं. आबांच्या अंगणात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये माणसंच माणसं, डोळे पिवळे असलेली आणि नसलेली. आबा साधे, वाकलेले, धोतर नेसलेले. भाचीनं नारळ ठेवला, कापलेली माळ परत दिली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्या माणसाचा मला राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला.

आम्ही वळतोय तेवढ्यात एका बाईनं भाचीचा दंड धरला. कारेगावकडची असावी. बरोबर शाळेच्या ड्रेसमधली मुलगी, नववी-दहावीतली. बाई म्हणाली, "बाळा, तुलाबी पांढरीच व्हती न्हवं? हिचीबी तीच हाय. दाताच्या दवाखान्यात रक्तात घावली. डाक्टरनं गोळ्या दिल्यात, आन् आबा म्हनत्यात बंद करा. मला काय सुधरंना बघ. तू खरं सांग, तुला गुन आला का?"

भाचीनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे, मग बापाकडे. दाजी तिच्या उत्तरासाठी थांबले होते.

"आला, काकू," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, गोळ्या बंद करू नका. पाया पडतो. ही मरता मरता वाचलीय, ती गोळ्यांनी वाचलीय."

बाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी कोन हिचं?"

"मामा."

"आन् ह्यो बाप न्हवं?" तिनं दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान हलवली. "मंग पोरगी सवता म्हनती गुन आला म्हनून, बाप सोबत हाय, नारळ दिलाय. तुमी का घाबरवताय?"

मी भाचीकडे पाहिलं. तिनं ओढणीचं टोक दोन्ही हातांत धरलं होतं आणि ती खाली मातीकडे बघत होती. तिनं तो एक शब्द उच्चारला नसता तर दाजींनी तिला तिथूनच परत निमोण्याला नेलं असतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिची गोळी तिला मिळाली होती.

आबांनी हाक मारली. ती शाळेच्या ड्रेसमधली मुलगी पुढं गेली, पाटावर बसली, आणि माळ घालून घ्यायला तिनं डोकं वाकवलं.